ऊन आईच्या पाठीवर, झळ बाळाला

घरात सुनेला किंवा लेकीला दिवस गेले, की सूचनांचा नुसता पाऊस पडतो. पपई खाऊ नकोस, जड उचलू नकोस, जिन्यावरून सावकाश उतर. ‘उन्हात फार राहू नकोस,’ असेही कोणी तरी म्हणतेच. पण ते बहुधा तिला चक्कर येईल या काळजीने. त्या उन्हाचा पोटातल्या बाळाशी थेट संबंध असतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

बाळाला पोटात ना घामाने गार होता येत, ना वाऱ्याला बसता येत. पण त्याचे शरीर अहोरात्र वाढत असते आणि त्यातून उष्णता निर्माण होतच असते. म्हणून त्याचे तापमान आईपेक्षा साधारण अर्ध्या अंशाने जास्तच असते. ही जादा उष्णता जाते कुठे? तिचा सुमारे 85 टक्के भाग नाळेतल्या रक्ताबरोबर वारेपर्यंत येतो आणि तिथे आईच्या रक्तात उतरतो. उरलेली उष्णता गर्भजलातून आणि गर्भाशयाच्या भिंतीतून बाहेर पडते. म्हणजे प्राणवायू आणि अन्न ज्या वाटेने येते, तीच बाळाला गार ठेवण्याचीही वाट. आता आईच तापली, तर बाळाने आपली उष्णता कोणाच्या हवाली करायची?

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, त्यामुळे पुढचा भाग मला रोकडीच्या भाषेतच समजतो. शाखेतली रोकड ठरलेली असते. एका खिडकीवर एकाएकी गर्दी उसळली, की दुसऱ्या खिडकीवरची रोकड तिकडे वळवावी लागते. उन्हात आईच्या शरीरात असेच घडते. अंग गार करण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त तिकडे धावते. हातात खुरपे किंवा डोक्यावर पाटी असेल, तर स्नायूही आपला वाटा मागतात. त्यात घामावाटे पाणी गेल्याने मूळ शिल्लकच घटते. दिवस भरत आलेल्या बाईच्या गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त लागते. अशा ओढाताणीत त्यालाच कात्री लागण्याची भीती असते. आणि बाळ हा असा खातेदार, की त्याला खिडकीशी येऊन तक्रारही करता येत नाही.

अर्थात निसर्गाने तरतूद केलेली आहे. गरोदरपणात रक्तातला द्रवभाग 40 ते 50 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे सकाळचे फिरणे किंवा घटकाभर चुलीपुढे बसणे याने घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तासन् तास, दिवसामागून दिवस सोसलेल्या उन्हाचा. गाभण मेंढ्यांना आठवडेच्या आठवडे उष्ण जागेत ठेवून शास्त्रज्ञांनी पाहिले, तेव्हा त्यांची वार लहान राहिली आणि कोकरेही लहानखुरी जन्मली.

पण बाई काही प्रयोगशाळेत राहत नाही. ती शेतात राबते. म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया या चिमुकल्या देशात झालेली पाहणी मला मोलाची वाटते. तिथल्या वेस्ट कियांग भागात शेती मुख्यतः बायकांच्या कष्टावर चालते आणि दिवस भरत आले तरी त्यांची कामे सुटत नाहीत. 2019-20 मध्ये संशोधक सोनोग्राफीचे छोटे यंत्र घेऊन थेट शेतावर गेले. 92 गरोदर स्त्रिया काम करत असताना त्यांनी बाळाच्या हृदयाचे ठोके आणि नाळेतला रक्तप्रवाह मोजला. ऊन, दमटपणा आणि वारा यांचा मिळून शरीरावर जो ताण येतो, तो एका अंशाने वाढला, की बाळावर ताण दिसण्याची शक्यता सुमारे 17 टक्क्यांनी वाढत होती. आईला स्वतःला किती त्रास होतो आहे हे हिशेबात धरल्यावरही ही वाढ पुरती पुसली गेली नाही. 12 टक्के उरलीच. 92 ही संख्या लहान आहे, हे खरे. तरीही ‘मला काही होत नाही हो’ एवढ्या आईच्या शब्दावर बाळाबाबत निर्धास्त राहता येत नाही, हे त्यातून ध्यानात यावे.

आपल्याच देशातली गोष्ट घ्या. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेच्या संशोधकांनी तमिळनाडूतल्या 800 गरोदर स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. उष्णतेत काम करणाऱ्या बायकांमध्ये गर्भपाताचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. या बायका नवलाईची कामे करत नव्हत्या. शेते, वीटभट्ट्या, मिठागरे हीच त्यांची कामाची ठिकाणे.

यावर उपाय काय, असे विचारले तर तो हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. सावली, पाणी आणि विसावा. कष्टाचे काम सकाळी लवकर उरकावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, डोके दुखू लागले किंवा गरगरले तर तिथेच थांबावे. ताप अंगावर काढू नये, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. बाळाची हालचाल मंदावली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

उपाय साधा आहे. पण तो एकटीच्या हातातला नाही. भर दुपारी काम थांबवले की अर्धी मजुरी बुडते. विहिरीवर जाणारी घरात ती एकटीच असते. ‘आमच्या वेळी आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत राबलो,’ हे तिला ऐकवणारेही घरातच असतात. त्या वेळी ज्यांची बाळे दगावली, त्यांनी ते उन्हाच्या नावावर मांडले नाही, नशिबाच्या नावावर मांडले.

डोहाळजेवणाला आपण गर्भारशीला झोपाळ्यावर बसवतो, फुलांनी सजवतो, तिला काय खावेसे वाटते ते कौतुकाने विचारतो. ते जरूर विचारावे. पण चैत्र-वैशाखात तिच्या वाट्याची दुपारची घागर घरातल्या दुसऱ्या कोणी उचलावी, आणि मुकादमाने तिची तासाभराची सुट्टी मजुरीतून कापू नये. तो तास तिच्या पोटातल्या बाळाचा आहे.