जुना स्पीकर : दुरुस्ती, फेरफार की बदल?

स्पीकर जुना झाला म्हणून अख्खा निकामी होत नाही. १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी इंजिनिअरांनी जी रचना जगापुढे ठेवली, तीच आजही बहुतेक स्पीकरांत आढळते. मागे लोहचुंबक, चुंबकाच्या अरुंद फटीत तरंगणारी तांब्याच्या तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला कागदी कोन, कोनाला मधोमध सावरून धरणारा कापडी स्पायडर आणि बाहेरच्या कडेला फोमची, रबराची किंवा कापडाची लवचिक पट्टी. यातला लोखंडी सांगाडा आणि फेराइटचा चुंबक पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. फोम मात्र दहा ते वीस वर्षांत विरतो, डिंक सुकतो, पेटीतले कंडेन्सर आपले मूल्य सोडतात. स्पीकर दुरुस्त करावा, त्यात फेरफार करावा की नवा घ्यावा, हे म्हणूनच त्याच्या वयावरून ठरवू नये. कोणता भाग गेला आणि कोणता शाबूत आहे, हे आधी पाहावे.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जुन्या आवाजयंत्रांचे दोन वेगळे वंश दिसतात. पहिला घरातला. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. त्या काळातले फिलिप्स, मर्फी, बुश यांचे व्हॉल्व्हचे रेडिओ अजून काही वाड्यांच्या फडताळांत आहेत. मग रेकॉर्ड प्लेअर आणि टेपचा जमाना आला. १९९१च्या आधी परदेशी माल आयात करणे कठीण होते, जकात भारी होती, त्यामुळे सोनोडाइन, कॉस्मिक अशा देशी कंपन्यांचे स्पीकर लोकांनी घेतले. या दोन्ही तालुक्यांतली कितीतरी घरे मुंबईच्या मिळकतीवर उभी राहिली. डबेवाल्यांची गावे तर मावळ-खेडपासून इथपर्यंत पसरली आहेत. मुंबईची कमाई आणि मुंबईचा माल एकाच वाटेने गावी येत असे.

दुसरा वंश सार्वजनिक आहे : देवळाच्या शिखरालगतचा कर्णा, भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर आणि तमाशाच्या फडाचे सामान. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांचे निधन २००२ साली झाले. गुढीपाडव्याच्या आगेमागे फडांच्या राहुट्या इथे लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे सुपारी द्यायला येतात. उघड्या माळावर, हजारो माणसांपर्यंत गणगौळणीपासून वगापर्यंतचा प्रत्येक शब्द पोचवायचा, ही फडाची मुख्य गरज. तिच्याकडे नीट पाहिल्याशिवाय जुन्या कर्ण्याची किंमत कळत नाही.

घरातल्या चांगल्या स्पीकरला एक वॅट वीज दिली तर एक मीटरवर साधारण ८५ ते ९० डेसिबल आवाज मिळतो. कर्ण्याला तोच एक वॅट दिला तर १०५ डेसिबलच्या पुढे. आवाज तीन डेसिबलने वाढवायचा तर वीज दुप्पट लागते. वीस डेसिबलसाठी शंभरपट. तीस वॅटचे एक युनिट नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू जाते ते यामुळे. शिवाय व्यंजने स्पष्ट करणाऱ्या दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात कर्णा सर्वात जोरकस असतो, म्हणून शब्द कळतात. त्याची मर्यादाही तितकीच पक्की आहे. गावातला नेहमीचा कर्णा सुमारे तीनशे हर्ट्‌झच्या खाली जवळजवळ गप्प होतो. त्यामुळे ढोलकीची चाट कडक वाजते आणि धुम हरवते. फडांनी पुढे मोठ्या पेट्या घेतल्या त्या या खालच्या स्वरांसाठी. ज्यांनी पेट्या आल्यावर कर्णे भंगारात दिले, त्यांना संवाद दूरवर पोचवण्यासाठी कितीतरी जास्त वॅट मोजावे लागतात. देऊळ किंवा भजनी मंडळ यांचे काम मुख्यतः शब्दांचे असेल, तर चालू स्थितीतला जुना कर्णा काढून टाकण्यात शहाणपण नाही.

हवामानाचाही मोठा वाटा आहे. भीमाशंकर आणि माळशेजच्या बाजूला वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मंचर, नारायणगाव, बेल्ह्याकडे त्याच्या चौथाईच्या आसपास. पॉलियुरेथेन फोमचा खरा शत्रू पाणी आहे. हवेतली ओल त्याची साखळी तोडते आणि बोट लावताच चिकट भुगा हाती येतो. पश्चिम पट्ट्यात फोमच्या कडेचा स्पीकर लवकर संपतो आणि कागदी कोनावर बुरशी धरते. पूर्वेकडे धूळ आणि उन्हाने कडक झालेले रबर हा त्रास जास्त. कापडी, डोप म्हणजे चिकट लेप लावलेल्या कडेचे जुने स्पीकर दोन्हीकडे सर्वात जास्त टिकलेले दिसतात. पार्टिकल बोर्डाची पेटी सारवलेल्या जमिनीवर दोन पावसाळे राहिली तर तळ फुगतो. वाळवी आणि उंदीर यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

निर्णयाआधी तपासणी. त्यासाठी मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल आणि दोन हात पुरतात. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळली आहे किंवा कोनाकडे जाणारी वेणीची तार तुटली आहे. तार तुटणे ही फार किरकोळ गोष्ट आहे आणि तेवढ्यासाठी कित्येक स्पीकर फेकले जातात. सेलची दोन टोके क्षणभर लावली की कोनाने टक्‌ असा आवाज करून पुढे किंवा मागे सरकायला हवे. सेलचे धन टोक ज्या टर्मिनलला लावल्यावर कोन पुढे सरकतो, ते टर्मिनल खुणेसाठी लिहून ठेवावे. जोडीतले दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले तर खर्जच नाहीसा होतो आणि दोष स्पीकरावर येतो. मग दोन्ही हातांची बोटे कोनावर सारख्या अंतरावर ठेवून तो हलकेच आत दाबावा. खरखर लागली तर कॉइल फटीत घासते आहे. फोम विरल्यामुळे कोन एका बाजूला कलला असेल तर हे बरे होते. स्पीकर पडून चुंबकच सरकला असेल तर घरी होण्यासारखे ते काम नाही.

फोमची कडा बदलणे ही सर्वात फायद्याची दुरुस्ती. कोनाचा व्यास, फोमच्या वळीची रुंदी आणि सांगाड्याचा बाहेरचा घेर मोजून तीच रिंग घ्यावी. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली अशा सुट्या भागांसाठी ओळखीची आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड. जुना फोम आणि डिंक स्पिरिटने हळूहळू सोडवावा. घाई झाली की कागद फाटतो. मधली टोपी धारदार पात्याने कडेने कापून उचलायची आणि कॉइल व चुंबकाचा मधला खांब यांच्यामध्ये चारी बाजूंनी कागदाच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या सरकवायच्या. त्यांनी कॉइल बरोबर मध्यावर राहते. मग रिंग आधी कोनाला, ती सुकल्यावर सांगाड्याला चिकटवायची, डिंक पुरा एक दिवस सुकू द्यायचा, पट्ट्या काढायच्या आणि टोपी पुन्हा बसवायची. या कामाला हत्यार कमी आणि संयम फार लागतो. रबराच्या कडेच्या स्पीकरला फोम लावू नये आणि फोमच्या स्पीकरला जाड रबर लावू नये. कडेचा ताठपणा बदलला की कोनाची स्वाभाविक कंपनसंख्या बदलते आणि मूळ खर्ज परत येत नाही.

दुसरी आवश्यक दुरुस्ती क्रॉसओव्हरच्या कंडेन्सरांची. वूफर आणि ट्वीटर यांच्यात आवाज वाटून देणाऱ्या या सर्किटात १९७०-८०च्या दशकांतले अध्रुवीय इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात. ते सुकले की ट्वीटर मंद होतो किंवा बेसूर कर्कश लागतो. एक पाय सोडवून कंडेन्सर मोजावा आणि मूळ मूल्याचाच नवा घालावा. फिल्म कंडेन्सर जास्त टिकतो, पण त्याचा अंतर्गत रोध कमी असल्याने ट्वीटर पूर्वीपेक्षा तेज वाटू शकतो. अशा वेळी अर्ध्या ओहमच्या आसपासचा रेझिस्टर ओळीत घातला की तोल सावरतो.

फेरफाराचा मोह इथूनच सुरू होतो. त्यातले काय राखावे आणि काय बदलावे याचा सर्वात चांगला धडा जुन्नर तालुक्यातच, खोडदला उभा आहे. तिथल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या शास्त्रज्ञांनी तशाच ठेवल्या. बदलले ते फीड, रिसीव्हर आणि संगणकप्रणाली. एका वेळी टिपता येणारा पट्टा त्यामुळे ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत गेला. स्पीकरातही चुंबक, सांगाडा आणि पेटी हा पाया राखावा आणि विद्युत भाग सुधारावेत. आतली कळकट तार, सैल टर्मिनल, उडालेले सोल्डर, पेटीच्या फटी हे बिनदिक्कत सुधारावे.

पेटीला मात्र हिशेबाशिवाय हात लावू नये. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी हवाबंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला; त्यात पेटीतली हवाच कोनाची स्प्रिंग म्हणून काम करते. अशा पेटीला भोक पाडले की तिचा सारा अर्थ गेला. उलट भोक असलेल्या पेटीत नळीची लांबी आणि पेटीचे आकारमान मिळून खर्जाचा सूर ठरतो. त्या नळीत कुंभारीण माशीने चिखलाचे घर केले तरी आवाज बदलतो. पावसाळ्यानंतर बॅटरीच्या उजेडात नळी पाहणे हा दुरुस्तीचा पहिला टप्पा असावा. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर व पेटी यांचे नाते गणितात बसवले. आठ इंची वूफरच्या जागी दुसऱ्या कंपनीचा आठ इंची वूफर स्क्रूंना बसला म्हणून सुराला बसतोच असे नाही. पेटी कुजली असेल तर सुताराकडून नवी करून घ्यावी, पण आतले माप जपावे. आतून ४० × ३० × २५ सेंटिमीटरची पेटी म्हणजे ३० लिटर. नवी पेटीही ३० लिटरचीच हवी. प्लायवुड घेतले तर ओलीची चिंता कमी होते.

कर्ण्याची दुरुस्ती त्याहून सोपी. बहुतेक वेळा युनिटमधला डायफ्राम जळालेला असतो आणि त्याच मॉडेलचा डायफ्राम मिळाला तर अर्ध्या तासाचे काम. अहुजासारख्या, १९४० पासून चालत आलेल्या कंपनीचे भाग गावोगाव मिळतात, हा जुने कर्णे राखण्यामागचा मोठा व्यावहारिक मुद्दा आहे. शंभर व्होल्ट लाइनवरचा कर्णा आणि आठ ओहमचा कर्णा यांची अदलाबदल मात्र करू नये; मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे की नाही ते पाहूनच जोडणी करावी.

व्हॉल्व्हच्या रेडिओचा विषय नाजूक आहे. वर्षानुवर्षे बंद असलेला संच थेट प्लगला लावला तर जुने कागदी कंडेन्सर गळतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. आत दोनशे-तीनशे व्होल्ट असतात, ते बंद केल्यावरही काही वेळ जिवंत राहतात. हे काम जाणकाराचेच. स्पीकर काढून संच चालवणेही टाळावे, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. अशा रेडिओचे आतडे काढून रिकाम्या पेटीत ब्लूटूथची पाटी बसवण्याची टूम निघाली आहे. तो संचाचा नाशच आहे. ब्लूटूथ हवेच असेल तर ते बाहेर वेगळ्या डबीत ठेवावे आणि रेडिओच्या पिकअपच्या जागी जोडावे. मग पुढची पिढी तो काढून टाकू शकते.

नवे घ्यावे असे प्रसंगही असतात : चुंबक सरकलेला, सांगाडा वाकलेला, कोनाचे तुकडे झालेले आणि त्या मॉडेलचा कोन कुठेच मिळत नसेल, पेटी फुगून उकललेली असेल. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम झाल्या तर पैसे जुन्यात घालू नयेत. एकच स्पीकर गेला तर त्याच मॉडेलचा जुना सुटा स्पीकर आधी शोधावा. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नवा घ्यायचाच झाला तर जोडीने घ्यावा, कारण दोन बाजूंचे वेगळे स्पीकर कधी एकजीव होत नाहीत.

सार्वजनिक कामासाठी नवा संच घेताना किती वॅट हवेत याचा विचार कायद्याच्या चौकटीत करावा लागतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. रात्रभर चालणाऱ्या तमाशाला या नियमाने मोठी कात्री लावली आहे.

नवा संच आणल्यावरही ट्वीटर पुन्हा पुन्हा जळत असेल तर दोष बहुधा अॅम्प्लिफायरचा असतो. वीजदाब खाली आलेला असताना छोट्या अॅम्प्लिफायरचा आवाज पुरा वाढवला की लहरीचे माथे कापले जातात. त्यातून निर्माण होणारी वरच्या पट्टीतली जादा ऊर्जा ट्वीटरच्या बारीक कॉइलवर जाते. तीस वॅटचा ताणलेला अॅम्प्लिफायर साठ वॅटच्या निवांत अॅम्प्लिफायरपेक्षा ट्वीटरला जास्त घातक ठरतो, म्हणून स्पीकर बदलण्याच्या आधी घरातला वीजदाब आणि अॅम्प्लिफायर तपासून घ्यावा. काढलेले जुने स्पीकर भंगारवाल्याला देण्याऐवजी दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावेत. त्यांचे चुंबक, सांगाडे आणि टर्मिनल दुसऱ्या जोडीला लागतात.