चमचाभर म्हणजे नेमके किती?

दिवेलागणीची वेळ. घरातील धाकटे मूल तापाने फणफणले आहे. आई त्याला खांद्याशी धरून गावातील औषधाच्या दुकानी धावते. तेथे गर्दी आहे. दुकानदार बाटली पुढे करतो, "दिवसातून तीन वेळा द्या," एवढेच सांगतो आणि पुढील गिऱ्हाइकाकडे वळतो. एका वेळी किती द्यावयाचे, हा प्रश्न आईच्या ओठांवर येतो. पण मागे चारजण खोळंबलेले पाहून ती संकोचाने गप्प राहते. मागील खेपेस चमचाभर दिले होते, तेवढेच आताही द्यावे, असे ती मनाशी ठरविते.

हा प्रसंग कल्पित असला, तरी आपणांपैकी कोणास अपरिचित वाटेल असे नाही. आणि घात होतो तो नेमका येथेच.

तापावरील पॅरासिटामॉलचेच उदाहरण घेऊ. तान्ह्या मुलांसाठी थेंबांची लहान बाटली मिळते. तिच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपमध्ये तेच औषध पुष्कळ सौम्य, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असते. दुसऱ्या एका सिरपमध्ये तेवढ्याच मापात २५० मिलिग्रॅम असते. नाव एक, गोडी एक. बळ मात्र निराळे! मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम ही त्याची एका वेळची मात्रा होय. म्हणजे १० किलोच्या मुलास १०० ते १५० मिलिग्रॅम पुरे. सौम्य सिरपचे ५ मिलिलिटर त्यास योग्यच ठरतात. परंतु या खेपेस दुकानातून थेंबांची बाटली आली आणि आईने तिच्यातील ५ मिलिलिटर पाजले, तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेले! अशी चूक दिवसातून तीन-चार वेळा घडत राहिली, तर मुलाच्या यकृतास गंभीर इजा होऊ शकते. आणि दुःखाची गोष्ट अशी, की ती पहिल्या दिवशी बहुधा दिसूनही येत नाही.

मग करावे काय? दुकानाची पायरी उतरण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, मुलाचे वय आणि वजन आपण होऊन सांगावे. वजन ठाऊक नसेल, तर आरोग्य उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत करून घ्यावे व घरी लिहून ठेवावे.

दुसरी, मात्रा चमच्यात नव्हे, तर मिलिलिटरमध्ये विचारावी आणि ती बाटलीवर अक्षरी लिहून मागावी. अंकांतील टिंब पुसले, की २.५ चे २५ होतात. 'अडीच' हा शब्द असा फसवीत नाही.

तिसरी, ऐकलेले दुकानदारास परत म्हणून दाखवावे आणि औषधासोबतच्या टोपणावर अथवा नळीवर ती खूण कोठे आहे, हे बोट ठेवून विचारावे. स्वयंपाकघरातील चमचा औषधास वापरू नये. दोन घरांचे चमचे कधी सारखे नसतात.

असे विचारणे म्हणजे दुकानदाराचा वेळ घेणे नव्हे. औषध कसे घ्यावे हे रोग्यास समजावून सांगणे, हे नोंदणीकृत औषधविक्रेत्याचे कर्तव्यच आहे, असे २०१५ सालच्या नियमांत नमूद आहे.

प्रतिजैविकांची बाटली पुष्कळदा कोरड्या भुकटीची असते. तीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे, प्रत्येक वेळी ती नीट हलवावी आणि सांगितलेल्या दिवसांनंतर उरलेले औषध टाकून द्यावे. शेजारच्या मुलासाठी अथवा पुढील आजारासाठी ते जपून ठेवणे ही काटकसर नव्हे. सर्दीच्या मिश्रणातही कित्येकदा पॅरासिटामॉल असते. तेव्हा दोन बाटल्या आणल्यास दोहोंत एकच औषध तर नाही ना, हेही विचारावे.

काही औषधे मुलांना आपल्या मनाने देऊच नयेत. तापात ॲस्पिरिन दिल्यास क्वचित मेंदू व यकृत यांस घातक विकार जडतो. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. खोकला-सर्दीची औषधे दोन वर्षांखालील बालकांना देऊ नयेत, अशी सूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली आहे.

एवढे करूनही चूक झालीच, तर? तर ती लपवू नये. सासूबाई रागावतील, लोक नावे ठेवतील, या भीतीने घालविलेला एकेक तास मुलाला भोवतो. पॅरासिटामॉल अधिक गेल्यास त्यावर उतारा आहे; परंतु तो पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वांत गुणकारी ठरतो. मुलास ओकविण्याच्या खटपटीत न पडता, बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे आणि किती व केव्हा दिले, ते खरे सांगावे.

माताभगिनींनो, बाजारात कापड घेताना आपण हात न् हात मोजून घेतो, भाव दोनदा विचारतो. मग पोटच्या पोराच्या औषधाविषयीच विचारताना लाज कसली? मागे चारजण उभे असतील, तर राहू द्यावेत. तेही कोणाचे तरी आईबापच असतात.