पुन्हा फुलीचा टाका
रुखवतासाठी मॅटीवर मोर भरला होता. त्यानंतर तब्बल तीस वर्षांनी सुई हातात घेतली. पहिला धडा डोळ्यांनीच दिला: बारीक घरं आता दिसेनात. म्हणून 14 काउंटचं आयडा कापड आणलं: इंचाला चौदा घरं, मोजायला सोपी. सुई बोथट टोकाची, 24 नंबरची. लडीतल्या सहा पदरांपैकी दोनच घ्यायचे, तेही हातभर. लांब दोऱ्याचा गुंता ठरलेला. कापडाची चौघडी घालून मध्य काढला, सुरुवात तिथून. तरी दुसऱ्याच संध्याकाळी एक घर चुकलं आणि अख्खी ओळ उसवली! आता भरलेली घरं नमुन्यावर पेन्सिलीने रंगवते. फुलीचा वरचा टाका मात्र सगळीकडे एकाच दिशेने हवा, नाहीतर काम विस्कटलेलं दिसतं. आणि रात्री रिंग काढून ठेवा. तिचा वळ इस्त्रीनेही लवकर जात नाही.