ओळखपत्र, पास आणि परवलीचा शब्द

डोंबिवलीहून ठाण्याला कॉलेजात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशात वर्षानुवर्षे दोन कागद असत : छायाचित्र असलेले रेल्वेचे ओळखपत्र आणि त्याचा क्रमांक लिहिलेला मासिक पास. पहिला कागद तुम्ही कोण ते सांगे. दुसरा, तुम्हांला कुठपर्यंत आणि कोणत्या वर्गातून जाता येईल ते. संकेतस्थळावरील खात्याचे मर्म मला या दोन कागदांतच दिसते. ओळख पटणे वेगळे, अधिकार असणे वेगळे. लॉगिन झालेल्या विद्यार्थ्याला स्वतःचे गुण पाहता येतात, बदलता मात्र येत नाहीत.

ओळख पटते ती परवलीच्या शब्दाने, म्हणजे पासवर्डने. तो जसाच्या तसा साठवणे किती धोक्याचे, हे १९६० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत दिसले. तेथील सामाईक संगणकावर एका गफलतीमुळे स्वागताच्या मजकुराऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून आली! पुढे १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी लिहून ठेवलेला उपाय असा : पासवर्डात काही यादृच्छिक अक्षरे मिसळायची, मग ते मिश्रण दळून त्याचे पीठ तेवढे ठेवायचे. या अक्षरांना ‘मीठ’ असेच नाव आहे. मिठामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ निराळे दिसते. लॉगिनच्या वेळी आपण दिलेला शब्द त्याच मिठासह पुन्हा दळला जातो आणि दोन्ही पिठे ताडून पाहिली जातात. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. म्हणूनच चांगले संकेतस्थळ विसरलेला पासवर्ड सांगू शकत नाही, नवा घ्यायला लावते.

आणि खरी मेख येथेच आहे. नवा पासवर्ड बहुधा नोंदवलेल्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने मिळतो. आपल्यापैकी अनेकजण शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरील अर्ज स्टेशनजवळच्या दुकानातून भरून घेतात. माझ्या वर्गातील एका मुलीच्या खात्यात दुकानदाराने स्वतःचाच क्रमांक नोंदवला होता. पुढे दुकान बंद झाले आणि अर्जातील त्रुटी दुरुस्त करण्याची मुदत तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली. खाते तिच्या नावाचे, किल्ली मात्र परक्याच्या खिशात!

तेव्हा मित्रहो, अर्ज कोणीही भरून देवो, मोबाईल क्रमांक आपलाच द्यावा, पासवर्ड स्वतः टंकावा आणि उठण्यापूर्वी लॉगआऊट करावे. आपला पास आपण कधी दुकानात ठेवून येतो का?