‘लोखंड लागू देऊ नगा’ म्हणणाऱ्यांसाठी

मिरजेत 1894 साली वॉन्लेस हॉस्पिटल उभं राहिलं, आज गावात सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटलही आहे. तरी पोराच्या कवटीच्या तळाशी हाडाची गाठ निघाली, की कुणीतरी पाहुणा हटकून सांगतोच, “लोखंड लागू देऊ नगा, पसरतंय ते.” लोखंड म्हणजे ऑपरेशनची सुरी. आईबाप घाबरतात, झाडपाला सुरू होतो, महिने जातात. या वाया गेलेल्या महिन्यांचा संताप येतो.

कॉर्डोमा ही अशीच एक गाठ. वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होणारी. त्यात मुलं फार थोडी. गर्भात कणा घडताना पेशींची जी दोरी असते, तिचे हाडात राहिलेले अवशेष हे तिचं मूळ. मुलांमध्ये ती बहुधा नाकाच्या मागे, मेंदूच्या देठासमोरच्या हाडात होते. पोराला एकाचे दोन दिसतात, एक डोळा आत वळतो, आणि घरचे चष्म्याचा नंबर काढत बसतात.

गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय ती कोणती हे पक्कं होत नाही. तुकडा काढल्यामुळे कॅन्सर अंगभर पसरतो, हे खोटं. मात्र कॉर्डोमाच्या पेशी शस्त्रक्रियेच्या वाटेवर क्वचित रुजतात, हे खरं आहे. 2001 च्या ‘जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी’तल्या एका अभ्यासात 82 पैकी 6 रुग्णांत तसं आढळलं. म्हणून शस्त्रक्रिया टाळायची का? अजिबात नाही! हात न लावलेली गाठ वाढतच राहते आणि मेंदूचा देठ दाबते. या आकड्यातून घ्यायचं ते एवढंच, की पहिलंच ऑपरेशन या कामात मुरलेल्या चमूकडून, बहुतेकदा नाकातून दुर्बिणीने, वाट आधी आखून व्हावं.

ऑपरेशननंतरच्या किरणोपचाराबद्दल ‘लाईट दिली की मेंदू जळतो’ म्हणतात, हेही चुकीचं. प्रोटॉन किरण ठरलेल्या खोलीवर थांबतात, पलीकडचा भाग बराचसा वाचतो. टाटा मेमोरियलच्या नवी मुंबईतल्या खारघर केंद्रात 2023 पासून ही सोय आहे.

डोक्यावर पडल्यामुळे ही गाठ होत नाही. ती संसर्गाने लागत नाही. भावंडांना खुशाल एका ताटात जेवू द्या. आणि ऑपरेशन टाळून केमोवर भागवू म्हणाल, तर नेहमीच्या कॉर्डोमावर नुसत्या केमोचा फारसा उपयोग होत नाही.

उपचारासाठी टाटाला जाताना एमआरआयची सीडी आणि तुकड्याचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लॅबमधून मागून सोबत घ्या. नुसत्या रिपोर्टवर तिथले डॉक्टर निदान पुन्हा तपासू शकत नाहीत.