खिशावरच्या दोन पट्ट्या: स्काऊट पथकात लीडर नक्की करतो काय?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून.

स्काऊट म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना काय आठवतं? खाकी ड्रेस, गळ्यात स्कार्फ, 26 जानेवारीचं संचलन आणि शिट्टी वाजवणारे सर. म्हणजे मोठ्यांनी सांगायचं आणि मुलांनी 'सावधान' उभं राहायचं. गंमत अशी आहे की ही पद्धत मुळात बरोबर याच्या उलट आहे.

थोडं मागे जाऊ. 1899 ते 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेत माफेकिंग नावाच्या गावाला वेढा पडला होता. 217 दिवस. तिथला ब्रिटिश अधिकारी होता रॉबर्ट बेडन-पॉवेल. माणसं कमी पडत होती, म्हणून गावातल्या मुलांची एक तुकडी केली गेली. निरोप पोचवणं, पहारा देणं अशी कामं ही मुलं करायची. बेडन-पॉवेलच्या डोक्यात एक गोष्ट बसली: खरं काम दिलं की मुलं ते जबाबदारीने करतात.

मग ऑगस्ट 1907 मध्ये त्याने इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर साधारण वीस मुलांचा कॅम्प घेतला. काही बड्या शाळांमधली, काही कामगारांच्या घरची. त्यांचे चार गट केले: लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे. या गटाला म्हणतात पेट्रोल (गाडीत भरायचं नव्हे, गस्तीतलं!). प्रत्येक गटाचा प्रमुख एक मोठा मुलगा. रात्री एक-एक पेट्रोल आळीपाळीने पहाऱ्यावर जायचं, आपला शिधा घेऊन, आणि स्वतःच शिजवून खायचं.

आजही सांगाडा तोच आहे. आपल्याकडे 1950 साली भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. एका पेट्रोलमध्ये 6 ते 8 जण, आणि अशी तीन-चार पेट्रोल मिळून एक पथक. पेट्रोल लीडरच्या खिशावर दोन पट्ट्या, त्याच्या जोडीदाराच्या, म्हणजे सेकंडच्या, एक. सगळ्या पथकाचा मुलांमधलाच प्रमुख म्हणजे ट्रूप लीडर, त्याच्या तीन. गाईड्समध्ये मुलींचंही असंच.

आता हा 6 ते 8 आकडा का? विचार करा, चाळीस मुलांच्या वर्गात मॉनिटर काय करू शकतो? फळ्यावर नावं लिहू शकतो, बस. पण सात जणांमध्ये कोणाला अंधाराची भीती वाटते, कोण न जेवता झोपला, कोण काम टाळतोय, हे तेरा वर्षांच्या पोरालाही कळतं. आयटीत टीम छोटी ठेवतात त्याचंही कारण हेच.

पेट्रोल लीडर सगळं स्वतः करत नाही. कॅम्पमध्ये एकाकडे भांडी आणि सामानाचा हिशेब, एकाकडे पैसे, एकाकडे प्रथमोपचाराची पेटी, एकाकडे वही. लीडरने बघायचं की प्रत्येकाच्या हातात काहीतरी खरं काम आहे. आणि सेकंडला हळूहळू तयार करायचं, कारण वय वाढलं की लीडर पथकातून बाहेर पडणारच. आमच्या क्षेत्रात 'बस फॅक्टर' म्हणतात: उद्या टीममधल्या एकाला बसने उडवलं तर काम अडेल का? सेकंड चांगला असेल तर अडत नाही.

या सगळ्यात मला सर्वात भारी वाटते ती 'कोर्ट ऑफ ऑनर'. नाव जड आहे, पण ही पेट्रोल लीडर्सची बैठक. कॅम्प कुठे, कार्यक्रम काय, कोणी नियम मोडला तर काय करायचं, हे तिथे ठरतं. बेडन-पॉवेलने लिहून ठेवलंय की स्काऊटमास्टर तिथे बसेल, सल्ला देईल, पण मत देणार नाही. विचार करा, सर बैठकीत आहेत आणि त्यांना मत नाही!

आणि घोडं इथेच अडतं. मोठ्यांना गप्प बसणं जमत नाही. पोरं डाळीत मीठ जास्त टाकणार, तंबू वाकडा लावणार, हे दिसत असतं. मग सर म्हणतात, 'सर बाजूला, मी करतो.' तंबू सरळ लागतो, पण त्या क्षणी लीडरच्या खिशावर फक्त कापडाच्या पट्ट्या उरतात. पुढच्या वेळी पोरं त्याला विचारतच नाहीत, थेट सरांकडे जातात.

म्हणजे सगळंच मुलांवर सोडायचं का? अजिबात नाही. पाणी, आग, औषधं, कोणाला होणारा त्रास, इथे मोठ्यांनी मध्ये पडायलाच हवं. सोपी कसोटी सांगू? चूक झाली तर जेवण बिघडेल एवढंच असेल तर मुलांना करू द्या. कोणाला इजा होऊ शकत असेल तर थांबवा.

तुम्ही पथकात असाल, किंवा तुमची धाकटी बहीण गाईड असेल, तर तीन प्रश्न विचारून बघा. कॅम्पचा मेन्यू कोणी ठरवला? शेवटच्या बैठकीत सर जास्त बोलले की मुलं? आणि लीडर आजारी पडला तर काय करायचं हे सेकंडला माहीत आहे का? उत्तरं धड आली नाहीत तर भांडायला जाऊ नका. पुढच्या कॅम्पचं एक जेवण आमच्या पेट्रोलला पूर्ण करू द्या, एवढंच मागा. बाजारातून भाजी आणण्यापासून भांडी घासण्यापर्यंत. राज्य पुरस्काराचं सर्टिफिकेट फाईलमध्ये जाईल, पण सात जणांना वेळेवर जेवू घालण्याचा हिशेब डोक्यात राहतो.

तुमच्या पथकात काय चालतं, व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा!