ऑपरेटिंग सिस्टिमचे अद्ययावतीकरण आणि आपला मराठी मजकूर

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• लिपिचिन्ह आणि त्याचे दृश्यरूप यांतील भेद सांगता येईल.
• संगणकातील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे की नाही, हे ओळखता येईल.
• अद्ययावतीकरणापूर्वी घ्यावयाची काळजी स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. त्यामुळे अनेक घरांतील संगणकांवर आता विंडोज ११ बसवले जात आहे. मराठीच्या अभ्यासकाच्या संगणकात स्वाध्याय, प्रकल्प, बोलींच्या नोंदी असा वर्षानुवर्षांचा मजकूर साठलेला असतो. नव्या प्रणालीत तो वाचता येईल का? हा प्रश्न तांत्रिक वाटला, तरी त्याचे उत्तर लिपिविचारात आहे.

लिपिचिन्ह आणि दृश्यरूप
स्वनिम आणि स्वन यांतील भेद तुम्ही अभ्यासला आहे. स्वनिम हे अमूर्त एकक असते. प्रत्यक्ष उच्चारात त्याची रूपे बदलतात. लेखनातही असेच घडते. पाकळीयुक्त ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ ही एकाच लिपिचिन्हाची दोन दृश्यरूपे होत. युनिकोड या संकेतव्यवस्थेत लिपिचिन्हाला क्रमांक दिलेला असतो. देवनागरीच्या मूळ विभागात अशी १२८ स्थाने आहेत. फॉन्ट केवळ दृश्यरूप पुरवतो. तो बदलला तरी अक्षर तेच राहते.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टची रचना वेगळी आहे. त्यात ‘मराठी’ हा शब्द टंकित केला की संगणक प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही रोमन अक्षरे साठवतो. त्यांना देवनागरी रूप देण्याचे काम फॉन्ट करतो. फॉन्ट नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक मालिका उमटते. मजकूर नष्ट झालेला नसतो. परंतु वाचकापुरता तो हरवलेला असतो.

अद्ययावतीकरणापूर्वी
१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाह्य हार्ड डिस्कवर घ्या. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात उपलब्ध आहे. त्यामुळे ३२-बिट प्रणालीवरून थेट अद्ययावतीकरण होत नाही. नव्याने स्थापना करावी लागते आणि तीत जुन्या फाइली व फॉन्ट पुसले जाऊ शकतात.
२. जुन्या फाइलीतील एखादे वाक्य नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. देवनागरी कायम राहिली, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे; रोमन अक्षरे दिसली, तर तो जुन्या फॉन्टमध्ये आहे.
३. जुन्या फॉन्टची फाइलही जपून ठेवा. मजकूर फॉन्ट-परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणा आणि मूळ प्रतीशी ताडून वाचा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन; अशा ठिकाणी परिवर्तनात चूक राहण्याचा संभव असतो. शुद्धलेखन-तपासनीस ती दाखवीलच असे नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

अद्ययावतीकरणाच्या वेळी व नंतर
लॅपटॉप चार्जरला जोडलेला ठेवा. वीज जाण्याचा संभव असेल, तर ही प्रक्रिया पुढे ढकला. संगणक अनेकदा आपोआप बंद होऊन सुरू होतो. मध्येच त्याचे बटण दाबू नका. काम पूर्ण झाल्यावर मराठी कळफलक तपासा आणि जुन्या फाइली उघडून पाहा. थेट अद्ययावतीकरण केले असल्यास साधारणतः १० दिवस पूर्वीच्या प्रणालीकडे परतता येते. म्हणून ही तपासणी त्याच आठवड्यात करावी.

सारांश
युनिकोडमधील मजकुरात अक्षराची ओळख साठवलेली असते, तर जुन्या फॉन्टमधील मजकूर वाचण्यासाठी त्या विशिष्ट फॉन्टचीच गरज असते. आपले लेखन पुढील प्रत्येक प्रणालीत वाचता यावे, यासाठी ते युनिकोडमध्ये आणणे हाच टिकाऊ उपाय होय.

स्वाध्याय
१. स्वनिम-स्वन आणि लिपिचिन्ह-दृश्यरूप या जोड्यांतील साम्य सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘दर्या–दऱ्या’ यांसारख्या आणखी तीन जोड्या शोधा.
३. तुमच्या संगणकातील सर्वांत जुनी मराठी फाइल कोणत्या स्वरूपात आहे, ते तपासून नोंदवा.